डिझेलचा काटा रात्री खाली का पडायचा: एका जुन्या पिकअपचं प्रकरण

गाडी म्हणजे आपल्या बाजार समितीत रोज दिसते तसली डिझेल पिकअप, २००८ ची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा फॉल्ट कुठल्याही जुन्या गाडीत येतो आणि यात कंपनीची काही चूक पण नाही. मालक निफाड तालुक्यातले एक नाना, स्वतःचा कांदा लासलगावला नेतात आणि सीझनला दुसऱ्यांचा माल भाड्यानं मालेगाव-धुळ्याकडं टाकतात, पावसाळ्याच्या तोंडाला त्याच गाडीत खताच्या गोण्या. चालवतो त्यांचा पुतण्या. टाकी ५५ लिटरची, लोखंडी, चेसिसच्या बाजूला पट्ट्यांनी आवळलेली आणि पट्ट्यांच्या खाली रबर, म्हणजे टाकीला चेसिसची अर्थ (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडं परत जायची वाट) आपोआप मिळत नाही, टँक युनिटला, म्हणजे टाकीत डिझेलची पातळी मोजणाऱ्या भागाला, स्वतंत्र काळी वायर दिलेली आहे. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, सगळी गंमत तिथंच आहे.

तक्रार काय, तर काटा खोटं बोलतो. आता असं म्हणणारे गिऱ्हाईक खूप येतात आणि त्यातले निम्मे "काटा चालत नाही" एवढंच सांगून चावी हातात देतात, पण या पोराला मी बाकड्यावर बसवलं, चहा सांगितला आणि विचारलं की नक्की कधी, किती डिझेल असताना, दिवसा का रात्री. मग एकेक बाहेर आलं. टाकी फुल केली की काटा बरोबर वर जातो, हळूहळू खाली येतो, आणि अर्ध्याच्या जरा खाली आला की सरळ झोपतो, ई वर, म्हणजे रिकाम्याच्या खुणेवर. मग अजून पन्नास-साठ किलोमीटर चाललं की तोच काटा उठून पावाच्या वर येऊन बसतो. डिझेल कमी होतंय आणि काटा वाढतोय! नाना म्हणाले, "भाऊ, गाडीत काहीतरी बाहेरचं हाये." म्हणलं नाना, बाहेरचं काही नाही, आतलंच आहे, जरा दम धरा.

दुसरी गोष्ट त्यानं जाता जाता सांगितली. रात्री काटा दिवसापेक्षा खालीच असतो. त्याचा हिशोब असा की रात्री गारवा असतो, डिझेल आकसतं. आता डिझेल आकसतं हे खरं आहे, पण किती? एका डिग्रीला साधारण ०.०८ टक्के. म्हणजे ५५ लिटर भरलेल्या टाकीत २० डिग्रीचा फरक पडला तरी जेमतेम एक लिटर. तेवढ्याला काटा हलल्याचं डोळ्याला कळत पण नाही, आणि याचा काटा तर अर्ध्यावरून पावावर यायचा. शिवाय पिंपळगावच्या टोलनाक्यावर रांगेत ब्रेकवर पाय ठेवून उभा असला की पण काटा उतरतो असं तो म्हणाला, आणि ते ऐकून माझे कान टवकारले. गारव्याचा आणि ब्रेकचा काय संबंध?

नानांची घाई समजण्यासारखी होती, कारण मागच्या महिन्यात चांदवडच्या पुढं राहुड घाटात रात्री गाडी डिझेल संपून उभी राहिली होती. पेट्रोल गाडीत बाटलीभर पेट्रोल टाकलं की निघालात, डिझेलमध्ये तसं नसतं, लाईनमध्ये एअर घुसते, मग फिल्टरवरचा हातपंप मारा, बोल्ट ढिला करा, बुडबुडे जाईपर्यंत एअर काढा, आणि हे सगळं घाटात, अंधारात, मागं ४० क्विंटल नाही पण दीड टनाच्या आसपास कांदा भरलेला. पोरगं दोन तास हैराण झालं म्हणे. तेव्हापासून ते टाकीत काठी घालून डिझेल मोजत होते.

त्या आधी एका ठिकाणी दाखवून झालं होतं. तिथं आधी फ्युज बदलला, मग डॅशबोर्डमधलं अख्खं मीटर बदललं, जुन्या बाजारातून आणलेलं. फरक शून्य. माझं स्पष्ट मत आहे की काट्याच्या तक्रारीत मीटर ही सगळ्यात शेवटी बदलायची वस्तू आहे आणि आपल्याकडं सगळ्यात आधी तीच बदलली जाते, कारण ती समोर दिसते आणि सीटवर बसून काढता येते. टाकीखाली झोपायला कुणाला आवडतं.

आता थोडं कामकाज सांगतो म्हणजे पुढचं कळेल. टाकीत फ्लोट आहे, त्याच्या दांडीला एक घासणारा कॉन्टॅक्ट, तो रेझिस्टन्सच्या, म्हणजे करंटला अडथळा करणाऱ्या, पट्टीवर सरकतो. टाकी रिकामी म्हणजे या गाडीत रेझिस्टन्स जास्त, शंभरच्या वर ओहम, आणि फुल म्हणजे पाच-सहा ओहम. मीटरमधून करंट निघतो, वायरीतून टाकीकडं येतो, युनिटमधून जातो आणि काळ्या वायरीनं चेसिसला उतरतो. करंट जास्त तर काटा वर. मीटरच्या आत बायमेटलची, म्हणजे दोन धातू जोडलेली, पट्टी आणि तिच्यावर गुंडाळलेली तार, तार तापली की पट्टी वाकते आणि काटा सरकतो. म्हणून जुन्या गाडीत चावी ऑन केली की काटा उडी मारत नाही, आळस देत देत वर येतो. तुमच्या गाडीत काटा चावी ऑन करताच टपकन जागेवर जात असेल तर ती कॉइलवाली सिस्टीम, तिचं वागणं वेगळं, खाली सांगतो.

बायमेटलच्या मीटरला अजून एक भानगड असते, व्होल्टेज स्टॅबिलायझर. गाडी बंद असताना बॅटरी १२ च्या आसपास, चालू असताना १४ च्या वर, मग काटा पण तसा नाचला असता. म्हणून मीटरला वेगळं ठरलेलं व्होल्टेज देतात, जपानी पद्धतीच्या गाड्यांत ७ च्या आसपास, जुन्या इंग्लिश गाड्यांत १०, जुन्या अमेरिकन फोर्डमध्ये ५. हा स्टॅबिलायझर डिझेलच्या काट्याला आणि टेंपरेचरच्या काट्याला एकच असतो, आणि इथंच फुकटची टेस्ट मिळते. स्टॅबिलायझर गेला असेल तर दोन्ही काटे एकदम बिघडतात, चिकटला तर दोन्ही वर पळतात, तुटला तर दोन्ही मेलेले. नानांच्या गाडीत टेंपरेचरचा काटा दिवसरात्र एकाच जागी, मध्याच्या किंचित खाली, इमानदार. म्हणजे स्टॅबिलायझर, फ्युज आणि मीटरला येणारी लाईन तिन्ही ठीक आहेत हे पाना हातात न घेता कळलं.

मग गाडीखाली गेलो. टाकीच्या वर आणि बॉडीच्या मध्ये जेमतेम हात जाईल एवढी फट, आणि त्या फटीत काय असेल? कांद्याची टरफलं. वर्षानुवर्षांची, धुळीत मिसळून, पावसाच्या पाण्यानं भिजून, खताची पावडर मुरून त्याचा एक काळा-जांभळा थर झालेला, नखानं उचकटला तर गादीसारखा उठतो. त्याच्या खाली कपलर, म्हणजे युनिटच्या वायरी जोडायचा प्लग. कपलरच्या पिना हिरव्या पडलेल्या. आधी ब्रश आणि हवेनं सगळं साफ केलं, कारण पुढं युनिट काढावं लागलं तर ही घाण टाकीत पडू नये, आणि मग कपलर उघडला.

इथं सगळे वायरमन करतात ती टेस्ट म्हणजे मीटरकडून येणारी वायर चेसिसला टेकवायची आणि काटा फुलकडं जातो का बघायचं. चुकीची नाही, पण बायमेटलच्या मीटरला डायरेक्ट अर्थ जास्त वेळ धरली तर आतली तार मरते. जुन्या जपानी सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मधे ३.४ वॅटचा बल्ब लावून अर्थ द्यायला सांगितलेलं असतं, तो शहाणपणा आहे. मी त्याच्या पुढं जाऊन सिमेंट रेझिस्टर वापरतो, पाच वॅटचे, १०, ४७ आणि १०० ओहमचे, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही रुपयांत मिळतात आणि एका छोट्या डबीत कायम खिशात असतात. युनिटच्या जागी कपलरमध्ये हा रेझिस्टर लावायचा, म्हणजे गाडीला वाटतं टाकीत अमुक इतकं डिझेल आहे. १० लावला, काटा फुलच्या जरा अलीकडं. १०० लावला, ई च्या किंचित वर. ४७ लावला, अर्ध्याच्या थोडा खाली. प्रत्येक वेळी मिनिटभर थांबायचं, घाई केली तर बायमेटल फसवतो. मीटर पास, वायर पण पास. म्हणजे आधीच्या गॅरेजनं काढून ठेवलेलं जुनं मीटर पण बहुतेक चांगलंच असणार, ते नानांनी घरी ठेवलंय का विचारलं तर म्हणे भंगारात दिलं.

आता ४७ चा रेझिस्टर तसाच ठेवून पोराला सांगितलं, पार्किंग लाईट लाव. सुरुवातीला काहीच नाही. मग काटा निघाला खाली, सावकाश, आणि पावाच्या आसपास येऊन थांबला. ब्रेक दाबून धर म्हणलं, अजून खाली. टाकीचं युनिट तर कपलरपासून सुटलेलं, गाडीत लागलेला रेझिस्टर माझा, त्याला ना गारवा कळतो ना डिझेल, मग काटा पडला कशानं? म्हणून रेझिस्टरचं दुसरं टोक कपलरच्या काळ्या वायरीतून काढलं आणि लांब वायरीनं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला दिलं. लाईट लाव, ब्रेक दाब, इंडिकेटर चालू कर, काटा ढिम्म हलत नाही. सापडला चोर, काळी वायर.

व्होल्टमध्ये पण मोजून घेतलं, कारण नानांसारख्या माणसाला आकडा दाखवला की पटतं. मल्टिमीटर डीसीवर, काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल प्रोब कपलरमधल्या अर्थच्या पिनेला. रेझिस्टर जागेवर, लाईट बंद, ०.१ व्होल्ट. लाईट चालू, १.६. ब्रेक दाबला की तीनच्या पुढं. चांगल्या अर्थला हा आकडा सगळे लाईट लावून पण ०.१ च्या आतच राहायला पाहिजे.

हे असं का होतं ते नीट बघा. मागच्या वायरिंगमध्ये टेललॅम्प, ब्रेक लाईट, नंबरप्लेटचा बल्ब आणि टँक युनिट, सगळ्यांची अर्थ एका काळ्या वायरीत गोळा होते आणि एकाच बोल्टवर चेसिसला मिळते. तो बोल्ट गंजला की तिथं दीड ओहमसारखा छोटा अडथळा तयार होतो. काट्याचा करंट किती, सत्तर-ऐंशी मिलीअँपिअर, तेवढ्याला दीड ओहम म्हणजे काहीच नाही, म्हणून दिवसा काटा जवळपास बरोबर. पण पार्किंग लावली की पाच-पाच वॅटचे तीन बल्ब मिळून एक अँपिअरच्या वर करंट त्याच वाटेनं जायला बघतो, वाट अरुंद, मग अर्थची पिन शून्यावर राहत नाही, दीड व्होल्टवर चढते. मीटरला मिळणारे ७ व्होल्ट, त्यातले दीड इथंच खाल्ले गेले, करंट कमी, काटा खाली. हिशोब केला तर ४७ ओहम असताना मीटरला ७५-८० ओहम असल्यासारखं दिसत होतं. ब्रेकचे २१-२१ वॅटचे दोन बल्ब म्हणजे अजून साडेतीन अँपिअर. नेहमीच्या ब्रेकला काटा पडत नाही कारण बायमेटल गार व्हायला वेळ लागतो, तोवर पाय उचललेला असतो, पण टोलनाक्याच्या रांगेत पाय तसाच ठेवला की त्याला वेळ मिळतो. पोराचं निरीक्षण एक नंबर होतं, फक्त कारण त्यानं हवामानात शोधलं.

आणि मागचे लाईट मंद पेटतात हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण गाडी चालवणारा स्वतःचे मागचे दिवे बघतो कधी? इंडिकेटर लावला की टेललॅम्प पण बारीक मिचमिचत होता. हे दिसलं की समजून जा.

तो बोल्ट शोधला. डाव्या टेललॅम्पच्या मागं, चेसिसच्या आतल्या बाजूला, आणि त्याच्यावर चकचकीत काळा रंग. धंद्याच्या गाडीला पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी फिटनेस, त्यानंतर दरवर्षी. म्हणजे ही गाडी किती वर्षं झाली, दरसाल पासिंगला जाते, आणि पासिंगच्या आधी पेंटर गाडी खालून-वरून काळी-पांढरी करून देतो हे आपल्याकडचं ठरलेलं. बरं, नुसता वरून रंग मारला असता तर चाललं असतं, पण कुठल्यातरी वर्षी कुणीतरी वायरीच्या टोकाचं कडं, म्हणजे थिंबल, सोडवलं, चेसिसला रंग मारला, आणि रंगावरच थिंबल परत आवळून टाकलं. थिंबलच्या खाली रंगाचा थर, त्याच्याखाली गंज. करंट जात होता तो बोल्टच्या आट्यांमधून, कसाबसा.

पॉलिश पेपरनं चेसिस पांढरी लखलखीत होईपर्यंत घासली, थिंबल नवीन, वायरीचं टोक हिरवं होतं तिथपर्यंत कापून टाकलं, दाबून वर सोल्डर मारलं, दातेरी वॉशर घातला, आवळला आणि सगळं झाल्यावर वरून ग्रीस. ग्रीस आधी लावायचं नाही, आधी धातूला धातू. टँक युनिटसाठी मी टाकीजवळच चेसिसवर वेगळा बोल्ट घेऊन वेगळी काळी वायर दिली, म्हणजे उद्या मागची अर्थ परत गेली तरी काटा लाईटच्या नादाला लागणार नाही. सगळे दिवे लावून ब्रेक दाबून मोजलं, ०.०२. या सगळ्याला लागलेला माल शंभर रुपयांचा पण नाही.

इथं बरेच जण गाडी देऊन मोकळे होतात. पण अर्ध्याखालचं झोपणं आणि परत उठणं हे अर्थनं समजावता येत नव्हतं, दिवसा लाईट बंद असताना पण ते व्हायचं. दोन लक्षणं, दोन वेगळी कारणं, एकाच काट्यावर. माझ्या मते आधीच्या माणसाचा गोंधळ इथंच झाला असणार, तो दोन्हींना मिळून एक कारण शोधत बसला आणि मिळालं नाही म्हणून मीटरवर ढकललं.

टाकी उतरवावी लागली. काठीनं मोजून डिझेल कमी असतानाच नानांना यायला सांगितलं होतं, राहिलेलं कॅनमध्ये काढलं, बॅटरीची निगेटिव्ह सोडली. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही म्हणून लोक बिनधास्त बिडी ओढत खाली झोपतात, मी कुणाला ओढू देत नाही, राग आला तरी चालेल. पेट्रोल गाडीची टाकी असेल तर हे काम घरी करूच नका. युनिट पाच स्क्रूंवर बसलेलं असतं आणि स्क्रूंची भोकं मुद्दाम सारख्या अंतरावर नसतात, त्यामुळं ते एकाच दिशेनं बसतं, जबरदस्ती करू नये.

युनिट बाहेर काढलं, फ्लोट आधी कानाशी हलवून बघितला. पितळी फ्लोटला बारीक भोक पडलं तर आत डिझेल शिरतं, खळखळ ऐकू येते, फ्लोट बुडतो आणि काटा कायम ई वर. इथं तसं नव्हतं, डिझेलच्या वाटीत टाकला तर छान तरंगला. मग रेझिस्टन्स. यासाठी माझ्याकडं काट्याचा जुना मल्टिमीटर ठेवलेला आहे, डिजिटलवर आकडे बदलायला वेळ लागतो आणि मधली तुट सुटून जाते, काट्यावर ती लगेच दिसते. दांडी खालून वर अगदी हळू नेली. तळाला १०८ ओहम, मग शंभर, नव्वद, सत्तर, सगळं गुळगुळीत, ५६ ला आला आणि मीटरचा काटा उडाला. अनंत. थरथरतोय, येतोय, जातोय, आणि ४३ पासून परत शहाण्यासारखा, वरपर्यंत ६ ओहम. म्हणजे अर्ध्याच्या जरा खालच्या पट्ट्यात सर्किट ओपन. ओपन म्हणजे करंट नाही, करंट नाही म्हणजे काटा ई वर. डिझेल अजून कमी झालं, कॉन्टॅक्ट त्या पट्ट्यातून पुढं सरकला की काटा उठला. नानांचं बाहेरचं ते एवढंच होतं.

कव्हर उचकटून भिंगानं बघितलं तर बारीक तारेच्या वेटोळ्यांवर मधोमध खाच पडलेली, तिथले वेढे एवढे झिजलेले की कॉन्टॅक्ट त्यांना नीट टेकतच नव्हता, आणि बाकी पट्टी जवळपास नवी. तिथंच का? विचारलं तर पोरगं म्हणालं, दोनदा भाडं झालं की हजाराचं डिझेल, फुल क्वचितच करतो. म्हणजे फ्लोट आयुष्यभर पाव ते अर्ध्याच्या मध्येच वर-खाली हिंदकळत राहिला, खड्ड्यागणिक कॉन्टॅक्ट त्याच जागी घासत राहिला. कॉन्टॅक्टच्या टोकाला काळा थर पण होता. इंधनातलं सल्फर चांदीच्या कॉन्टॅक्टला खातं हे माहीत आहे, २००४ साली अमेरिकेत फ्लोरिडाकडं पेट्रोलमध्ये नको तेवढं सल्फर आल्यावर तिकडं बऱ्याच गाड्यांचे काटे असेच बिघडले होते, पण इथं तो थर पुसून काही फरक पडला नाही, खाच ती खाचच.

जुगाड आहे याला. कॉन्टॅक्टची पट्टी पकडीनं एखादा मिलीमीटर बाजूला वाकवायची, म्हणजे ती न झिजलेल्या कडेवरून चालते. पण एवढी झिजलेली तार उद्या तुटली तर परत टाकी उतरवा, मग जुगाडाचा काय उपयोग. म्हणून नवीन युनिट.

पहिलं जे आलं ते दिसायला हुबेहूब, भोकं पण जुळत होती. दुकानाच्या काउंटरवरच मल्टिमीटर लावला, फ्लोट खाली, ९० ओहम. दुकानदार म्हणतो चालतंय हो, सगळे घेऊन जातात. चालतंय कसं? रिकाम्या टाकीला मीटरला १०८ दिसायला हवेत, तिथं ९० दिसले तर काटा ई च्या वर थांबेल आणि टाकी कोरडी असेल, म्हणजे परत राहुड घाट. परत केलं. दुसऱ्या दुकानातलं १०७ ते ५ निघालं, ते घेतलं. दांडीची लांबी आणि वाक पण जुन्याला लावून बघितला, कारण ओहम बरोबर आणि दांडी आखूड असेल तरी काटा खोटंच बोलणार.

हे ओहमचे आकडे गाडीगणिक वेगळे असतात, हे परदेशात जुने पिकअप घेऊन बसलेल्या आपल्या मंडळींसाठी मुद्दाम लिहितो. जुन्या जीएमच्या, म्हणजे जनरल मोटर्सच्या, ट्रकमध्ये रिकामं म्हणजे ० आणि फुल म्हणजे ९० ओहम, आपल्या बरोबर उलटं, कॉइलवाला मीटर, तिथं युनिटची वायर तुटली किंवा अर्थ गेली की काटा फुलच्याही पुढं जाऊन बसतो आणि वायर चेसिसला लागली की ई. फोर्डमध्ये १९८६ पर्यंत रिकामं ७३, फुल १०, आणि १९८७ पासून रिकामं १६, फुल १५८. व्हीडीओ (VDO) कंपनीच्या युरोपियन मीटरला रिकामं १०, फुल १८०. त्यामुळं "वायर टेकवली, काटा ई वर गेला, म्हणजे मीटर खराब" असं सरसकट कुणी सांगितलं तर आधी गाडी कुठली ते विचारा.

बसवताना गॅस्केट नवीन नायट्राइल रबरचं घेतलं. साधा सिलिकॉन लावू नका, डिझेलमध्ये फुगतो आणि त्याचे तुकडे सुटून टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पाइपच्या जाळीत अडकतात. कपलर साफ करून बसवला आणि वरून जुन्या ट्यूबचा तुकडा टोपीसारखा बांधला, टरफलं थेट पिनांवर बसू नयेत म्हणून. रिझर्व्हचा दिवा कधीच लागत नाही असं पोरगं म्हणालं होतं, बघितलं तर होल्डरमध्ये बल्बच नव्हता, मीटर बदलताना कुणीतरी काढून घेतला असावा. बसवला, लागला.

टाकी रिकामीच होती तर मापाच्या कॅननं पाच-पाच लिटर ओतत काटा बघून घेतला, काचेवर कागदी टेप लावून खुणा केल्या. पहिल्या पाचाला काटा ई सोडत नाही, दहाला सुटतो, अठ्ठावीसच्या आसपास अर्धा, पन्नासला फुल. म्हणजे ई वर टेकला तरी पाचेक लिटर आहे, पण त्यातलं तळाचं दोन लिटर घाटाच्या चढाला पाइपच्या तोंडाशी येईलच असं नाही, तेव्हा त्याला सांगितलं की दिवा लागला की पुढच्या पंपावर आत घे. त्याच रात्री कांदा भरून गाडी धुळ्याला जाऊन आली, लाईट लावून-बंद करून त्यानं स्वतः बघितलं, काटा जागचा हलला नाही.

मागच्या बोल्टवर आणि माझ्या नव्या बोल्टवर इन्सुलेशन टेपची लाल पट्टी गुंडाळून ठेवलीय आणि नानांना बजावलंय की पुढच्या पासिंगला पेंटर आला की ती पट्टी दाखवायची, पट्टीच्या बाहेर काय रंगवायचं ते रंगव म्हणावं, पट्टीला हात लावायचा नाही.